हित्तलातला भुईचाफा

एप्रिलच्या मध्यावर धारवाडची माती तापून पांढुरकी पडते. शेवंती केव्हाच संपलेली असते, झेंडूची रोपं उपटून टाकलेली असतात, गवत वाळून पायाखाली मोडतं. मोगरा आणि जास्वंद सोडली तर परसात फुलाचं नाव घ्यावं असं फारसं काही नसतं. नेमक्या याच दिवसांत, आंब्याच्या बुंध्यापासून थोड्या अंतरावर, जिथे गेले चार महिने काहीही नव्हतं तिथली माती तडकते आणि एक टोकदार कोंब वर येतो. पान नाही, खोड नाही. काही दिवसांत त्या कोंबातून फूल उमलतं. पांढरंशुभ्र, मधोमध जांभळ्या रंगाचा दुभंगलेला ओठ, आणि जवळ गेल्यावरच कळणारा मंद वास. फूल जमिनीला टेकलेलंच असतं. ते नीट बघायचं तर उकिडवं बसावं लागतं.

हा भुईचाफा. कानडी शेजारी त्याला नेलसंपिगे म्हणतात, वनस्पतिशास्त्रात तो केंफेरिया रोटुंडा. सोनचाफा किंवा देवचाफा यांच्याशी त्याचा काही संबंध नाही, तो आल्या-हळदीच्या कुळातला आहे. माळमड्डी, सरस्वतपूर, साधनकेरी, नारायणपूर या धारवाडच्या जुन्या वस्त्यांत मंगळुरी कौलांची जी घरं अजून उभी आहेत, त्यांच्या मागच्या हित्तलात, म्हणजे परसात, हा कंद घरातल्या माणसासारखा राहतो. बहुतेक घरांत तो विकत आणलेला नसतो. कोणाच्या तरी माहेराहून, कोणाच्या तरी बदलीच्या गावाहून, नाहीतर भिंतीपलीकडच्या शेजारणीकडून आलेला असतो. मराठी बोलणारं घर असो की कानडी, या देवघेवीत फरक पडत नाही. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं आणि दोन्ही भाषांची घरं इथे भिंतीला भिंत लावून वाढली. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांची घरची बोली मराठी होती आणि त्यांचं आयुष्य याच साधनकेरीच्या तळ्याकाठी गेलं. एवढं सांगितलं की या गावाची जडणघडण कळते.

भुईचाफ्यावर सविस्तर लिहावं असं वाटलं त्याला निमित्त झालं एक परदेशी फूल. धारवाड-हुबळीच्या कितीतरी घरांतली मुलं आज इंग्लंडात, जर्मनीत, अमेरिकेच्या थंड राज्यांत स्थायिक आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्याकडून घरच्यांच्या फोनवर फुलांचे फोटो येतात. आजूबाजूला बर्फ, झाडं निष्पर्ण, आणि जमिनीलगत मान खाली घालून उभी असलेली पांढरी, गुलाबी, दाट जांभळी, कधी जवळजवळ काळी दिसणारी फुलं. या फुलाचं नाव हेलेबोर. फोटो पाहिल्यावर इकडच्या आई-काकूंचा प्रश्न ठरलेला असतो, आपल्याकडे येईल का रे हे? बी पाठवशील का?

प्रश्न प्रेमाचा आहे, आणि त्याला नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही. का नाही, आणि त्याऐवजी काय, हे दोन्ही सांगायला हवं.

हेलेबोरच्या सुमारे २० जाती आहेत. त्यांचं खरं घर म्हणजे आल्प्सपासून बाल्कन डोंगरांपर्यंतचा युरोप आणि पुढे पश्चिम आशिया. एकच जात या सगळ्या गोतावळ्यापासून हजारो मैल दूर, चीनच्या डोंगरांत सापडते. हेलेबोरस नायजर ही आल्प्समधली पांढरी जात नाताळाच्या आसपास फुलते म्हणून तिला ख्रिसमस रोझ म्हणतात. गुलाबाशी तिचं नातं नाही. ओरिएंटॅलिस आणि तिच्यापासून तयार झालेले संकर ख्रिस्ती लोकांच्या लेंटच्या उपवासांच्या सुमारास फुलतात, म्हणून ते लेंटन रोझ. इंग्लंडमधल्या काही बागकामवेड्या माणसांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या संकरांवर आयुष्य घालवलं. त्यांत हेलन बॅलर्ड आणि एलिझाबेथ स्ट्रँगमन या दोन बायकांचं नाव हेलेबोर लावणारे आजही आदराने घेतात. बाल्कन देशांतल्या डोंगरउतारांवरून आलेल्या रानटी रोपांतून निवड करत करत त्या पिढीने पिवळे, ठिपक्यांचे, दुहेरी फुलांचे प्रकार उभे केले.

फुलाची रचना मोठी गमतीची आहे. आपण ज्यांना पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नसतातच, ती निदलं, म्हणजे कळीवरचं बाहेरचं आवरण. खऱ्या पाकळ्या आखडून मधल्या पुंकेसरांभोवती हिरवट नळ्यांचं कडं करून बसलेल्या असतात आणि त्यांत मध असतो. थंडीत बाहेर पडणाऱ्या मोजक्या मधमाश्यांसाठी तो साठा असतो. निदलं असल्यामुळेच फूल आठवडेच्या आठवडे टिकतं. परागण झालं तरी गळत नाही, हळूहळू हिरवं पडतं आणि बी पिकेपर्यंत पानाचं काम करत राहतं. फूल खाली मान घालून असतं ते पाऊस आणि बर्फ आत शिरू नये म्हणून. तिकडचे लोक ते बघण्यासाठी एका बोटाने हनुवटी उचलल्यासारखं फूल वर करतात, नाहीतर खुडून काचेच्या पसरट भांड्यात पाण्यावर तरंगत ठेवतात. हे मात्र आपल्याला शिकवायला नको, घंगाळात फुलं तरंगत ठेवणारी घरं आपल्याकडे आजही आहेत.

आता मूळ प्रश्न. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि दख्खनच्या मानाने इथली हवा सौम्य आहे, म्हणून तर निवृत्तीनंतर राहायला लोक हे गाव निवडतात. पण इथली जानेवारीची पहाटसुद्धा १४-१५ अंशांच्या आसपास असते. हेलेबोरच्या बियांना रुजण्यासाठी आधी उबदार उन्हाळा आणि मग काही आठवड्यांचा कडक गारठा असा क्रम लागतो. तो मिळाला तर बी रुजतं, आणि रुजल्यावर रोप फुलायला दोन-तीन वर्षं घेतं. रोप आणलं तरी एप्रिलचे ३६-३७ अंश आणि त्यानंतर जून ते सप्टेंबरची सततची ओल त्याला सोसत नाही, मुळं कुजतात. बंद पेटीत, वातानुकूलित खोलीत कोणी हट्टाने जगवलं, तर जगेलही. पण त्याला बाग म्हणता येत नाही. शिवाय हे झाड सगळंच्या सगळं विषारी आहे, लहान मुलं आणि गुरं-कुत्री असलेल्या घरात ते जपून हाताळावं लागतं.

हेलेबोर आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. त्याचं कूळ रानन्क्युलेसी. याच कुळातली कलौंजी आपल्या मसाल्याच्या डब्यात असते. कलौंजीचं फूल कधी शेतात पाहिलंत तर तिथेही रंगीत निदलं आणि आत आखडलेल्या पाकळ्या, तीच ठेवण दिसेल. औषधांच्या दुकानातला बचनाग याच कुळातला, तोही जहरी. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर झुडपांवर पसरणारी, पांढऱ्या फुलांची मोरवेल याच कुळातली. आणि होमिओपॅथीची पेटी घरात असणाऱ्यांना हेलेबोरस हे नाव बाटलीवर वाचून माहीत असतं. होमिओपॅथीचा जनक सॅम्युअल हानेमान याने १८१२ साली लाइपझिग विद्यापीठात जो प्रबंध मांडला तो प्राचीन वैद्यांच्या हेलेबोर-उपचारांवरच होता. त्या जुन्या ग्रंथांतलं पांढरं हेलेबोर म्हणजे प्रत्यक्षात व्हेरेट्रम ही वेगळीच वनस्पती, हे त्याने त्यात दाखवलं.

म्हणजे नातेवाईक आपल्याकडे आहेत. पण हेलेबोर तिकडच्या बागेत जे काम करतं ते इथे कोण करतं? सगळी बाग थकलेली असताना, वर्षातल्या सगळ्यात कठीण दिवसांत, झाडाच्या सावलीत, उघड्या जमिनीतून वर येऊन माणसाला खाली वाकायला लावणं हे ते काम. युरोपात कठीण ऋतू हिवाळा. आपल्याकडे चैत्र-वैशाख. त्यामुळे उत्तर शोधायचं ते बर्फात नाही, उन्हाळ्यात. माझ्या मते ते उत्तर भुईचाफा आहे.

✻

भुईचाफ्याच्या फुलातही पाकळ्यांची अशीच फसगत आहे, आणि हेलेबोरशी त्याचं हे साम्य मला सगळ्यात जास्त आवडतं. आल्या-हळदीच्या कुळात फुलाला एकच कामाचा पुंकेसर असतो. बाकीच्या पुंकेसरांनी पराग तयार करायचं सोडून पाकळ्यांचं रूप घेतलेलं असतं. भुईचाफ्याचे ते दोन पांढरे, रुंद, नजरेत भरणारे पंख म्हणजे असे वांझ पुंकेसर. जांभळा ओठ म्हणजे दोन वांझ पुंकेसर एकत्र जुळून झालेला अवयव, म्हणूनच तो मधोमध दुभंगलेला असतो. खऱ्या पाकळ्या मागे असतात, अरुंद, लांबट, फिक्या. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. फुलाची नळी खाली उतरत जाते आणि अंडाशय जवळजवळ मातीतच बसलेला असतो. फूल जमिनीला टेकलेलं दिसतं ते यामुळे.

एका कोंबातून अशी चार-सहा फुलं निघतात, पण एकदम नाही. आज एक, उद्या दुसरं, परवा कदाचित काहीच नाही. प्रत्येक फूल सकाळी उमलतं आणि त्याचा दिवस संपला की मलूल होतं. हेलेबोरच्या फुलाचं आयुष्य आठवड्यांत मोजतात, याचं एका दिवसात. तरीही जुन्या, भरलेल्या गड्ड्यांचा ताटवा असेल तर दोन-तीन आठवडे रोज सकाळी काही ना काही उमललेलं असतं. चैत्रगौर बसलेली असते तेव्हा म्हणजे चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत याचा हंगाम असतो. हळदीकुंकवाच्या दिवशी गौरीपुढे पन्हं, वाटली डाळ, कलिंगडाच्या फोडी, आणि पितळी वाडग्यात पाण्यावर तरंगणारी दोन-तीन ताजी भुईचाफ्याची फुलं, ही मांडणी याहून सुंदर करता येईल असं मला वाटत नाही. फूल देठाशिवायचं असल्यामुळे ते गजऱ्यात ओवता येत नाही, केसांत टिकत नाही, बाजारात पोहोचेपर्यंत सुकतं. म्हणून फुलबाजारात ते कधी दिसत नाही. ते फक्त ज्याच्या परसात आहे त्याचं असतं.

फुलांचा हंगाम ओसरतो त्या सुमारास वळीव येऊन गेलेला असतो. धारवाडचा वळीव मोठा नाटकी. दुपारपर्यंत अंगाची लाही, चारच्या सुमारास पूर्वेकडून काळे ढग, गारा, वीज गुल, आणि संध्याकाळी साऱ्या गावात मातीचा वास. त्या पावसानंतर फुलाच्या जागी गुंडाळलेली पानं वर येतात. पानं उलगडली की कळतं की ही वनस्पती नुसत्या पानांसाठीही लावावी अशी आहे. हाताच्या पंजापेक्षा मोठी, वर उभी वाढणारी, हिरव्यावर फिकट आणि गडद पट्ट्यांची नक्षी, आणि मागची बाजू जांभळी. दीड-दोन फूट उंचीचा हा पर्णसंभार जूनपासून दिवाळीपर्यंत झाडाखालची अंधारी जागा भरून काढतो. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागतात, डिसेंबरात सगळं विरून जातं आणि जमीन पुन्हा रिकामी दिसते. जमिनीखाली मात्र आखूड कंद आणि त्याच्या मुळ्यांच्या टोकांना लोंबणाऱ्या मोत्यासारख्या गाठी, पावसाळ्यात जमवलेला स्टार्च सांभाळत थांबलेल्या असतात. पानं नसताना, पाणी नसताना फूल येतं ते या साठ्याच्या बळावर.

या वनस्पतीची नोंद जुनी आहे. डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने कोचीनला असताना मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ तयार करून घेतला, तो ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याच्या ११व्या खंडात भुईचाफा ‘मलनकुवा’ या मलबारी नावाने चितारलेला आहे. या ग्रंथाच्या कामात मलबारी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी पंडित होते. त्यांचं नागरी लिपीतलं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. आपल्या परसातल्या फुलांचं ज्ञान युरोपात पोहोचलं त्यात आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसांचा हात आहे, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे १७५३ साली लिनियसने या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिलं. त्यातला केंफेरिया हा भाग एंगेलबर्ट केंफर या जर्मन डॉक्टराच्या स्मरणार्थ. हा माणूस इराण, भारत, जावा करत जपानपर्यंत पोहोचला आणि १६९० ते १६९२ नागासाकीच्या डच वखारीत राहून तिथल्या झाडांच्या नोंदी करत होता.

✻

धारवाड आणि हुबळी ही जोडशहरं. दोघांत जेमतेम वीस किलोमीटरचं अंतर, १९६२ मध्ये दोघांची महानगरपालिकाही एक झाली. पण माळ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी गावं आहेत. धारवाडला पश्चिमेकडच्या मलनाडाचा, म्हणजे डोंगराळ पावसाळी पट्ट्याचा, शेवटचा हात लागलेला आहे. तांबडी, भुसभुशीत, पाणी निचरणारी माती, चढउताराची जमीन, हापूसच्या बागा. हुबळीपासून पूर्वेला नवलगुंदाकडे जाऊ लागलं की काळी माती सुरू होते, कापसाची, ज्वारीची. उन्हाळ्यात ती हाताएवढ्या भेगांनी फाटते आणि पावसात पाणी धरून बसते. वर्षाचा पाऊस दोन्हीकडे साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर, पण त्या पाण्याचं पुढे काय होतं ते मातीवर ठरतं.

भुईचाफ्याला धारवाडची तांबडी माती मानवते. हुबळीत लावणाऱ्याने सरळ जमिनीत लावू नये. विटांचा वीतभर उंच वाफा करून त्यात तांबडी माती, कुजलेला पाला आणि थोडी जाड वाळू भरावी, नाहीतर १०-१२ इंची कुंडीत लावावा. काळ्या मातीत पहिल्या पावसाळ्यात तो वाढेल, पण मुळांशी पाणी थांबून राहिलं की हिवाळा लागेपर्यंत कंद नासेल.

लावण्याची वेळ फेब्रुवारी-मार्च, कंद झोपेत असताना. कंद दोन इंचांपेक्षा खोल जाऊ देऊ नये, डोळा वरच्या बाजूला ठेवावा, दोन कंदांत वीतभर अंतर असावं. मुळ्यांना लोंबणाऱ्या गाठी तोडू नयेत, त्या तोडल्या तर कंदाची शिदोरीच काढून घेतल्यासारखं होतं आणि त्या वर्षी फूल येत नाही. जागा अशी निवडावी की सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी सावली असेल. आंबा, फणस किंवा चिकू अशा झाडाच्या पसाऱ्याची कडा सगळ्यात उत्तम, अगदी बुंध्याशी नको, तिथे मुळांची दाटी असते. लावल्यावर वर गळलेल्या पानांचा थर पसरावा. आंब्याची वाळलेली पानं रोज झाडून जाळणाऱ्यांना माझी विनंती आहे की ती इथे आणून टाका. पावसाळ्यात ती कुजून जी काळी भुसभुशीत माती होते, त्यापेक्षा चांगलं खत या कंदाला मिळणार नाही. शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलं, आणि तेही पानं वर आल्यानंतर.

पाण्याचा नियम सोपा आहे, पण पाळणं अवघड जातं. पानं पिवळी पडली की पाणी बंद. डिसेंबर ते मार्च तिथे नळी फिरवायची नाही. बागेला रोज पाणी घालण्याची ज्यांना सवय आहे त्यांच्या हातून हा कंद बहुधा याच दिवसांत मरतो. वर काहीच दिसत नाही, म्हणून कोणी तिथे पालकाचं बी टाकतं, कोणी मिरचीचं रोप लावतं, आणि त्यांच्या पाण्याने खालचा कंद सडून जातो. उन्हाळ्यात कोंबाचं टोक दिसलं की मग एक-दोन दिवसांआड हलकं पाणी द्यावं. पाऊस सुरू झाल्यावर काही बघावं लागत नाही, गोगलगायी आणि पानं खाणाऱ्या अळ्या तेवढ्या संध्याकाळी वेचून काढाव्यात. तीन-चार वर्षांनी ताटवा दाट होतो, फुलं कमी होतात. तेव्हा फेब्रुवारीत कुदळीने नाही, हाताने, खुरप्याने उकरून कंद वेगळे करावेत आणि जास्तीचे वाटून टाकावेत.

बियांच्या मागे लागू नये. हा वंश परसात कंदावरच चालतो. त्यामुळे एका घरातला भुईचाफा आणि त्याने दिलेल्या दहा घरांतला भुईचाफा हे वनस्पतीच्या हिशोबाने एकच झाड आहे.

✻

भुईचाफ्याच्या शेजारी कोणाला बसवावं? एक मे फ्लॉवर. मूळचा आफ्रिकेचा, पण आता इतका आपला झाला आहे की मे महिन्यात एका रात्रीत फुललेला लाल चेंडू धारवाडच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या अंगणात दिसतो. तोही आधी फूल, मग पान असाच येतो, आणि त्याला थोडं जास्त ऊन चालतं. पावसाळ्यासाठी सोनटक्का, तोही आल्याच्याच कुळातला, त्याला मात्र ओल हवी, म्हणून तो न्हाणीघराच्या पाण्याच्या वाटेवर लावतात. कुंपणासाठी कळलावी. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं, पानांच्या टोकांनी कुंपणाला धरून वर चढणारी. ती श्रावणात कुंपणावर असली की दुसरं काही लागत नाही. पण कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे घातक विष असतं, आणि तो कंद सुरणाच्या किंवा रताळ्याच्या तुकड्यासारखा दिसू शकतो. घरात मुलं असतील तर लावू नये. लावलीच तर कंद उकरताना हातमोजे घालावेत आणि उकरलेला तुकडा कुठेही पडू देऊ नये. हेलेबोर आणि कळलावी यांत एवढं साम्य आहे की दोन्ही जपून हाताळण्याची फुलं आहेत.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. धारवाडहून पश्चिमेला हळियाळ ओलांडलं की दांडेलीचं जंगल लागतं, पुढे काळी व्याघ्र प्रकल्प. पहिल्या पावसानंतर तिथल्या जमिनीवर रानहळदीचे तुरे, भुईवर उगवणारी ऑर्किडं दिसतात. सहलीला गेलेली बागवेडी माणसं खुरपं घेऊन उतरतात आणि गड्डे पिशवीत भरून आणतात. ते करू नका. अभयारण्यातून झाड उपटणं हा गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती ऑर्किडं मातीतल्या एका विशिष्ट बुरशीच्या आधाराने जगतात, ती बुरशी आपल्या वाफ्यात नसते, आणि वर्षाच्या आत ती मरतात. जंगल एका झाडाने रिकामं होतं आणि आपल्या हाती काही लागत नाही. भुईचाफा घरोघरी आहे, तो मागून घेता येतो, त्यासाठी जंगलात जायची गरज नाही.

धारवाडमध्ये बागेबद्दल विचारायला जागा नाही असं नाही. कृषी महाविद्यालय इथे १९४७ पासून आहे, १९८६ मध्ये त्याचं कृषी विद्यापीठ झालं, आणि दरवर्षीच्या कृषी मेळ्याला उत्तर कर्नाटकातले शेतकरी लोटतात. कर्नाटक विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाची स्वतःची बाग आहे. माती तपासून घ्यायची, कंदावरचा रोग ओळखायचा, तर या संस्था हाताशी आहेत. पण परसातल्या अशा जुन्या फुलांची परंपरा संस्थांनी टिकवलेली नाही, ती टिकवली घराघरांतल्या बायकांनी. कोणत्या कोपऱ्यात काय झोपलं आहे ते त्यांना न बघता माहीत असायचं. ते ज्ञान कागदावर नाही. घर विकलं, माणूस गेलं की ते त्याच्याबरोबर जातं, आणि नवीन मालकाच्या हिशोबी ती जागा नुसती रिकामी असते.

आणि खरा धोका तिथेच आहे. गेल्या काही वर्षांत माळमड्डीत, सप्तापूरला, विद्यागिरीला, हुबळीत देशपांडेनगर-विद्यानगरला एकेक करून बैठी घरं पडली आणि तिथे अपार्टमेंट उभे राहिले. लोकांना घरं हवीत, त्याबद्दल तक्रार करता येत नाही. पण जी घरं उभी आहेत त्यांच्या अंगणातही काँक्रीट आणि फरश्या पसरल्या. चिखल नको, पाला नको, साप-विंचू नको, गाडी उभी करायला जागा हवी, ही कारणं सगळी समजण्यासारखी आहेत. तरीही भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं बंद करण्याची गरज कधीच नसते. फरशी बसवली की तिच्याखाली झोपलेला कंद पुढच्या चैत्रात वर येऊ शकत नाही. पावसाचं पाणीही मग विहिरीकडे न जाता रस्त्यावर जातं, आणि तेच पाणी जूनमध्ये गुडघाभर साचलं की आपण पालिकेला दोष देतो. कंद आणि विहीर या दोघांनाही एकच गोष्ट लागते, उघडी जमीन. तीही फार नाही. तीन फूट बाय चार फुटांचा एक तुकडा, झाडाच्या कडेला, ज्यावर कोणी चालत नाही आणि ज्याला कोणी विनाकारण खणत नाही. एवढ्यावर भुईचाफ्याची चार पिढ्यांची सोय होते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी निराश व्हायचं कारण नाही. पूर्वेकडची गॅलरी, एक पसरट कुंडी आणि डिसेंबरनंतर ती कुंडी कोपऱ्यात कोरडी ठेवून देण्याचा संयम एवढं असलं तर गॅलरीतही तो फुलतो. फक्त कुंडी वर कठड्यावर ठेवू नये. ती खालीच ठेवावी, हे फूल वरून, जवळून बघायचं असतं.

परदेशातल्या मुलांना हेलेबोरचं बी मागू नका. त्यांनी तिथे हेलेबोर लावावं, मन लावून वाढवावं आणि आपल्याला फोटो पाठवत राहावेत. आपण चैत्रात त्यांना भुईचाफ्याचा फोटो पाठवावा. त्यातलं कोणी सुट्टीत घरी आलं तर कंद देऊ नये, विमानतळावर तो काढून घेतात आणि ते बरोबरच आहे, मातीबरोबर रोगही जातात. त्यापेक्षा त्याला परसात नेऊन ती जागा दाखवावी.

दिवाळीच्या सुमारास भुईचाफ्याची पानं पिवळी पडू लागतात. तुमच्या परसात तो असेल तर तेव्हाच त्या जागेभोवती चार काटक्या रोवा किंवा विटा मांडून खूण करा, कारण महिन्याभरात वर काही दिसणार नाही आणि मग कोणाच्या तरी खुरप्याखाली तो जाईल. नसेल तर आसपासच्या एखाद्या जुन्या घरात जाऊन विचारा, पानं आहेत तोवर ओळखता येतो, फेब्रुवारीत एक कंद द्या म्हणून सांगून ठेवा. आणि अंगणात फरशी बसवायची ठरली असेल, तर गवंड्याला काम सुरू करण्याआधी तो एक तुकडा दाखवून ठेवा.